श्रीलंका ६ रात्री ७ दिवस, पुण्यातून घेतलेलं पॅकेज: ड्रायव्हरला पाच स्टार, पीडीएफला दोन

आधीच सांगते, एजन्सीचं नाव लिहिणार नाहीये, कारण त्यांचं ऑफिस आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे आणि मालकांची बायको सासूबाईंच्या भजनी मंडळात आहे. त्यामुळे नाव विचारू नका, पण बाकी सगळं खरं खरं लिहिते, म्हणजे निदान पुढच्यांना उपयोग होईल.

तर आम्ही चौघं, मी, नवरा, सासूबाई (वय ६८, गुडघे बरे आहेत, तोंड त्याहून बरं) आणि चिरंजीव वय ११. २०२४ च्या फेब्रुवारीत गेलो. चौघांचे मिळून १ लाख ७२ हजार, विमान वेगळं. त्यात हॉटेल, नाश्ता, रात्रीचं जेवण, गाडी आणि ड्रायव्हर. आकडा ऐकून स्वस्त वाटतं आणि खरं सांगायचं तर तेवढ्यात वाईट नाहीच. वाईट होतं ते वेळापत्रक.

पीडीएफ अठरा पानांचा, पानापानावर हत्ती आणि नारळ, आणि रोज सहा सहा ठिकाणं. बुक करताना आपल्याला वाटतं वा, पैसे वसूल. नकाशात बघितलं तर देश केवढा, महाराष्ट्राच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढा, मग काय, एका दिवसात इकडून तिकडे. इथेच सगळे फसतात. दक्षिणेचा आणि एअरपोर्टकडचा एक्सप्रेसवे सोडला तर रस्ते दुपदरी, गावागावातून जाणारे, डोंगरात नुसती वळणं, ताशी ३५-४० च्या वर गाडी जातच नाही. कँडी ते नुवारा एलिया फक्त ७७ किलोमीटर आहे, म्हणजे आपल्याकडे पुण्याहून लोणावळ्याला जाऊन थोडं पुढे, आम्हाला चहाच्या कारखान्यात थांबून साडेतीन तास लागले. त्यामुळे कुठल्याही एजंटने आयटिनररी दिली की ठिकाणं मोजू नका, गाडीतले तास मोजा. रोज चार तासांच्या वर गेले की तिथल्या तिथे पेन घेऊन एक ठिकाण खोडा. हे मी आता शहाणी होऊन सांगतेय, तेव्हा नाही केलं.

पहिलाच दिवस बघा. पुण्याहून थेट विमान नाही, म्हणून मुंबईहून गेलो, रात्री कॅब, लोणावळ्याला वडापाव, मध्यरात्रीनंतरचं विमान, अडीच तासात कोलंबो, पहाटे बाहेर. घड्याळ बदलायला लागत नाही, आपलीच वेळ आहे, ते एक बरं. एअरपोर्ट कोलंबोत नाही, कटुनायकेला आहे, नेगोंबोच्या बाजूला. आणि पीडीएफप्रमाणे तिथून थेट चार तास गाडी आणि दुपारी सिगिरियाचा कातळ चढायचा. रात्रभर जागरण झालेली ६८ वर्षांची बाई, दुपारी एकचं ऊन आणि १२०० पायऱ्या! मी एजन्सीला व्हॉट्सॲप केलं तर उत्तर आलं, नोटेड मॅम. पुढे सात दिवस मला एवढंच उत्तर येत होतं. नोटेड मॅम आणि नमस्काराचा हात.

वाचवलं कोणी तर ड्रायव्हरने. साधारण पन्नाशीचा माणूस, मोडकं हिंदी, बरं इंग्रजी, सासूबाईंना पहिल्या मिनिटापासून अम्मा म्हणायला लागला आणि त्या त्याला दादा. तो म्हणाला आज हॉटेलला झोपा, उद्या सकाळी गेट उघडतानाच नेतो. तसंच केलं. सकाळी गार वारा, गर्दी कमी, आणि सासूबाई मधल्या सिंहाच्या पंजांपर्यंत चढल्या, तिथे बसून राहिल्या, आम्ही वर जाऊन आलो. पाचव्या शतकातल्या कश्यप राजाने बापाला मारून गादी घेतली आणि मग भावाच्या भीतीने या कातळावर राजवाडा बांधला, ही गोष्ट चिरंजिवांना इतकी आवडली की राजगडाच्या बालेकिल्ल्याशी तुलना करत अख्खा डोंगर चढला. मध्ये गोल लोखंडी जिन्याने वर गेलं की भिंतीवर अप्सरांची चित्रं आहेत, अजिंठ्याची आठवण येतेच, फोटो काढायला बंदी आहे, काढू नका, माणूस उभा असतो. आणि गांधीलमाश्यांच्या पाट्या आहेत त्या गंमत म्हणून नाहीयेत, आरडाओरडा करू नका.

तिकिटाचं महत्त्वाचं. परदेशी माणसाला तिकीट डॉलरमध्ये आणि भरपूर आहे, पण सार्क देशांच्या लोकांना, म्हणजे आपल्यालाही, कमी, पासपोर्ट दाखवायचा. मूळ पासपोर्ट खिडकीवर घेऊन जा. आमच्या पॅकेजमध्ये 'सर्व प्रवेश फी समाविष्ट' होती आणि नंतर हिशोब मागितला तर त्यांनी पूर्ण दर लावलेला. असो, भजनी मंडळ.

व्हिसाचंही तेच. आम्ही गेलो तेव्हा भारतीयांना फी माफ होती, फक्त सरकारी साइटवर ईटीएचा, म्हणजे ऑनलाइन प्रवास परवान्याचा, अर्ज भरायचा होता, पंधरा मिनिटांचं काम, आणि एजन्सीने 'व्हिसा हँडलिंग' म्हणून माणशी १५०० घेतले. नियम सारखे बदलतात तिकडे, त्यामुळे निघायच्या आधी स्वतः श्रीलंका सरकारच्या साइटवर बघा, आणि नीट बघा, कारण अगदी तशाच दिसणाऱ्या खाजगी साइट वर येतात आणि वरचे पैसे घेतात. पासपोर्ट सहा महिने तरी शिल्लक हवा.

पैशाचं म्हणाल तर डॉलर नेले आणि एअरपोर्टवर बाहेर येता येता काउंटरवर बदलले, दर ठीक मिळाला. तेव्हा आपल्या एका रुपयाला साधारण पावणेचार लंकन रुपये मिळत होते, त्यामुळे पहिले दोन दिवस मेन्यूकार्ड बघून छातीत धस्स होतं, चहा २०० रुपये! मग भागाकार करायची सवय लागते. आपलं यूपीआय तिकडे १२ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालं आणि आम्ही त्याच्याच पुढच्या आठवड्यात गेलो, नवरा मोठ्या उत्साहाने जिथे तिथे फोन पुढे करायचा आणि दुकानदार त्याच्याकडे बघून हसायचा. रोख ठेवा. सिम एअरपोर्टलाच घेतलं, टुरिस्ट सिम मिळतं, पासपोर्ट लागतो. रिक्षाला मीटरची बोलणी करायची नसतील तर पिकमी नावाचं ॲप आहे, कोलंबो कँडीत मस्त चालतं. आणि प्लग! बऱ्याच हॉटेलात चौकोनी तीन पिनांचं ब्रिटिश सॉकेट असतं, आपला चार्जर बसत नाही, लक्ष्मी रोडला अडॅप्टर मिळतो, इथूनच न्या.

आता मुख्य विषय, जेवण. एजन्सीच्या बाई म्हणाल्या होत्या शुद्ध व्हेज मिळेल मॅम, काळजीच करू नका. कँडीच्या हॉटेलात रात्री भात, डाळ, कोवळ्या फणसाची भाजी आणि ओल्या खोबऱ्याची लाल चटणी, तिला पोल सांबोल म्हणतात. सासूबाईंना चटणी इतकी आवडली की दोनदा घेतली, म्हणाल्या आपल्या खोबऱ्याच्या चटणीसारखीच आहे पण चव काहीतरी वेगळी लागते, काय घातलंय विचार ग. विचारलं. उंबलकड. म्हणजे सुकवलेला मासा कुटून घालतात, मालदीव फिश म्हणतात त्याला. पुढचे दहा मिनिटं आमच्या टेबलवर कोणी कोणाकडे बघितलं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, आता गेलं ते गेलं, कृष्णार्पण, आणि पाणी प्यायल्या.

यात हॉटेलवाल्याची चूक नाही हो, त्यांच्यासाठी ती चटणीच आहे, व्हेजच आहे, मासा म्हणजे तुकडा दिसला पाहिजे. त्यामुळे नुसतं व्हेज म्हणून उपयोग नाही. ड्रायव्हरने आम्हाला वाक्य शिकवलं, 'मस मालु एपा', मांस नको मासे नको, आणि त्याच्या पुढे 'उंबलकड एपा'. हे पाठ करा, कागदावर लिहून घ्या, मोबाईलला वॉलपेपर लावा. चिरंजीव आता घरी भेंडी बघून भेंडी एपा म्हणतो.

एकदा हे जमलं की जेवणाची चंगळ आहे. परिप्पू म्हणजे नारळाच्या दुधातली मसूर डाळ. पोलोस म्हणजे कोवळ्या फणसाची, आपली कोकणातली कुयरीची भाजी, फक्त काळपट आणि तिखट. इडिअप्पम म्हणजे शेवया, त्या तर आईच्या हातच्या वाटल्या. अप्पे नव्हेत, आप्पा, वाटीसारखा कुरकुरीत डोसा, मध्ये अंडं फोडलेला पण असतो, तर साधा मागा. व्हेज कोत्तू म्हणजे पोळीचा फोडणीचा कुस्करा, तव्यावर दोन पात्यांनी ठणठण आवाज करत करतात, रस्त्याच्या त्या टोकाला ऐकू येतो, आणि चिरंजिवांनी सलग चार रात्री तोच खाल्ला. मडक्यातलं म्हशीचं दही आणि वर किटुलची काकवी, किटुल म्हणजे आपला भेर्ली माड, हे नाही खाल्लं तर श्रीलंकेला जाऊ नका. आणि कवठाचा ज्यूस! इकडे कवठ म्हटलं की महाशिवरात्रीची चटणी, तिकडे पॅकबंद मिळतो. वटलप्पन नावाचा गुळाचा गोड पदार्थ असतो त्यात अंडं असतं, सांगून ठेवते. साध्या खानावळीला तिकडे पण हॉटेलच म्हणतात आपल्यासारखं, आणि बसल्या बसल्या न मागता वडे, रोल, पॅटिसची भरलेली ताटली समोर आणून ठेवतात, घाबरू नका, जेवढं खाल तेवढ्याचेच पैसे. पण रोल मध्ये बऱ्याचदा मासा असतो, विचारा.

सासूबाईंनी बाकरवडी आणि मेतकूट नेलं होतं, त्याची गरज कँडीनंतर पडली नाही, परत आणलं.

कँडीला दंतमंदिर आहे, बुद्धाचा दात, दिवसातून तीनदा पूजा असते, संध्याकाळची पकडा, ढोल ऐकण्यासारखे. खांदे आणि गुडघे झाकलेले पाहिजेत. नवरा थ्री फोर्थ घालून आला, मी सांगून दमले, गेटवर अडवला, मग बाहेर लुंगी विकत घेऊन गुंडाळली आणि वर म्हणतो किती कम्फर्टेबल आहे. बुद्धाकडे पाठ करून सेल्फी काढू नका, तिथे ते खरंच मनाला लावून घेतात.

कँडीच्या आधी मातले नावाच्या गावात 'स्पाइस गार्डन'चा थांबा. पीडीएफमध्ये 'मोफत मार्गदर्शित भेट'. एक गोड बोलणारा माणूस पांढऱ्या कोटात, वेलदोड्याचं झाड, व्हॅनिलाची वेल, मग सावलीत बसवून नवऱ्याच्या पायाला कसलं तरी तेल चोळलं, आणि शेवटी दुकान. ९००० लंकन रुपयांच्या तीन बाटल्या घेऊन बाहेर आलो, केस येण्याचं तेल, केस जाण्याचं क्रीम आणि तिसरं कशाचं ते अजून कळलं नाही. हे सगळं कमिशनवर चालतं, रत्नांचं दुकान, बाटिकचं दुकान, सगळीकडे तेच. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरला सरळ सांगितलं, दादा, एक पण दुकान नको, त्याचं तोंड जरासं उतरलं, पण नंतर एकदाही थांबवलं नाही. मसाला आणि चहा घ्यायचा तर साध्या सुपरमार्केटमध्ये घ्या, किंमत छापलेली असते. दालचिनी नक्की घ्या. आपल्याकडे मार्केटयार्डला मिळते ती बहुतेक जाड सालीची कॅशिया, तिकडची खरी दालचिनी कागदासारखी पातळ, आत गुंडाळीवर गुंडाळी, बोटाने चुरते. सासूबाईंनी वास घेऊन सांगितलं की चाळीस वर्षं आपण मसालेभातात लाकूड घालत होतो.

नुवारा एलियाला स्वेटर न्या, मी गंमत करत नाहीये. बेट म्हणून सगळे उन्हाळी कपडे भरतात, हे गाव महाबळेश्वरपेक्षा अर्धा किलोमीटर उंच आहे आणि फेब्रुवारीत रात्री दात वाजतात. इथे सीता अम्मन मंदिर आहे, अशोकवन म्हणतात ते, बाजूला ओढा आणि दगडावर हनुमानाची पावलं दाखवतात. सासूबाई हात जोडून बराच वेळ उभ्या होत्या. लहानसंच आहे, मोठं काहीतरी असेल म्हणून जाऊ नका. चहाच्या कारखान्यात चांगली माहिती देतात, १८६७ मध्ये जेम्स टेलर नावाच्या माणसाने तिकडे पहिला चहाचा मळा लावला वगैरे, चहाच्या पाकिटावरचं बीओपी म्हणजे काय (चहाची एक प्रत) तेही कळलं, पण त्यांचा बिनदुधाचा चहा आणि तोंडात गुळाचा खडा, अमृततुल्य पिऊन मोठ्या झालेल्या माणसाला एकदा ठीक आहे.

आता रेल्वे. यासाठीच अर्धे लोक जातात, सगळ्यांना तो निळ्या डब्याच्या दारात लटकलेला फोटो हवा असतो. पीडीएफमध्ये लिहिलेलं, 'जगप्रसिद्ध रेल्वे प्रवास, नाइन आर्च ब्रिजवरून'. पहिलं म्हणजे तिकीट काढलेलंच नव्हतं. रिझर्व्हेशन तीस दिवस आधी उघडतं आणि लगेच संपतं, एजन्सीने बघितलंच नाही, आदल्या रात्री नोटेड मॅम. दुसरं म्हणजे कँडीकडून येताना एला स्टेशन आधी येतं आणि पूल त्याच्या पुढे, डेमोदराच्या बाजूला! एलाला उतरलात तर त्या पुलावरून गाडी जातच नाही तुमची. पुलावरून जायचं असेल तर डेमोदरापर्यंत तिकीट काढा, नाहीतर एलाहून चालत पुलापाशी जा आणि गाडी जाताना बघा, आम्ही तेच केलं, १९२१ चा पूल आहे, झाडीत बसून वाट बघायला मजा येते.

शेवटी आम्ही नानू ओयाला, म्हणजे नुवारा एलियाच्या स्टेशनवर, एलाचं जनरलचं तिकीट काढून घुसलो. तीन तास. पहिला तास उभे, सिंहगड एक्सप्रेसची आठवण, मग एका बाईने सरकून सासूबाईंना जागा दिली, मुलगा दारापाशी (मी त्याची कॉलर धरून), वडेवाले वडे वडे ओरडत, शाळेच्या वहीच्या पानात बांधून देतात, वर कोळंबी लावलेले पण असतात ते ओळखा. खिडक्या उघड्या, धुकं आत येत होतं, मळे, बोगदे, बोगद्यात सगळी पोरं किंचाळणार. एसी फर्स्टच्या खिडक्या उघडत नाहीत म्हणे, तर एका अर्थी बरंच झालं, पण एजन्सीला याचं श्रेय देणार नाही.

एलाहून एकाच दिवशी 'याला' नावाच्या अभयारण्यात सफारी करून दक्षिण किनाऱ्यावरचं मिरिस्सा गाठायचं असं पीडीएफ म्हणत होतं. ड्रायव्हर हसला. 'याला' सोडून वाटेत उडावलवेचं अभयारण्य करा म्हणाला, तिथे हत्ती वर्षभर असतात. तासाभरात तीस एक हत्ती बघितले, पिल्लासकट. बिबट्याचा हट्ट असेल तर यालाला एक रात्र मुक्काम ठेवा, पळत पळत नको.

मिरिस्साला देवमासे. नोव्हेंबर ते एप्रिल सीझन. बोट सकाळी साडेसहाला, निघायच्या तास-दोन तास आधी अव्होमिनची गोळी घ्या, नवरा म्हणाला मला काही होत नाही, त्याने देवमासा बघितलाच नाही, बादली बघितली. आम्ही निळा देवमासा बघितला, शेपूट वर आली आणि सरळ आत गेली, चिरंजीव पंधरा मिनिटं काही बोलला नाही, हे आमच्याकडे कधी होत नाही. त्याच दिवशी तिकडे नवम पोया होती, माघातली पौर्णिमा. दर पौर्णिमेला सुट्टी असते आणि दारू अजिबात मिळत नाही, तर ज्यांना समुद्रकिनारी बिअर हवी असते त्यांनी तिकडची पोयाची तारीख बघून बुकिंग करा. या दिवसांत कोलंबोला गंगारामय विहाराची हत्तींची मोठी मिरवणूक असते, एक दिवस इकडेतिकडे केला असता तर मिळाली असती, पीडीएफमध्ये अक्षर नाही.

गॉल किल्ला संध्याकाळी चाला, तटबंदीवरून क्रिकेटचं मैदान फुकटात दिसतं, एवढंच पुरे.

सीझनबद्दल शेवटचं, कारण पुण्यात सगळे शाळेच्या मे महिन्याच्या सुट्टीत जातात. तिकडे दोन पावसाळे आहेत. मे ते सप्टेंबर पश्चिम आणि दक्षिण किनाऱ्याला नैऋत्येचा, म्हणजे बेंटोटा, मिरिस्सा, गॉल, समुद्र खवळलेला, पोहायला लाल झेंडे. तेव्हा पूर्वेला जायचं, त्रिंकोमाली, अरुगम बे, तिकडे समुद्र शांत. डिसेंबर ते मार्च याच्या उलट. आमच्या सोसायटीतले एक कुटुंब मेच्या शेवटी बेंटोटाला गेलं आणि चार दिवस खोलीतून पाऊस बघून आलं.

तर हॉटेलं तीन स्टार, स्वच्छ, तक्रार नाही. ड्रायव्हर पाच. एजन्सी दोन, तेही सासूबाईंमुळे. आम्हाला आता जुलैअखेर परत जायचंय, मुलाला चार दिवस सुट्टी काढून, फक्त त्रिंकोमाली आणि सिगिरियाजवळचे हत्ती, ड्रायव्हर तोच. शेजारधर्म म्हणून मालकांनाही कोटेशन मागितलं, स्पष्ट लिहिलं की फक्त पूर्व किनारा, बाकी काही नको. नोटेड मॅम आलं. काल पीडीएफ आला, सोळा पानांचा. तिसऱ्या पानावर बेंटोटा, दोन रात्री, वॉटर स्पोर्ट्ससह.